सही इथे करा : कॉलेजच्या नव्या सॉफ्टवेअरची चाचणी, नवशिक्यांसाठी

अभिनंदन! प्राचार्यांच्या सहीची नोटीस शिपाई तुमच्या हातात देऊन गेला आहे आणि 'युझर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग समिती'त तुमचं नाव चौथ्या क्रमांकावर आहे. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता. मागच्या वर्षी स्टाफरूमच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तुम्ही चारचौघांदेखत ओढून काढलात, तेव्हापासून कॉलेजात तुम्ही टेक्निकल माणूस समजले जाता. आता भोगा. पण घाबरू नका. भंडारा जिल्ह्यात या कामाचा माझा अनुभव दांडगा आहे. ज्या ज्या समितीवर मी होतो, त्या प्रत्येक समितीने सॉफ्टवेअर मंजूर केलं. चाचणीत नापास झालेलं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही; बंद पडलेली मात्र ढिगाने पाहिली आहेत.

पुस्तकात या चाचणीची रीत सोपी दिली आहे. जो माणूस रोज त्या सॉफ्टवेअरवर बसणार, त्याने आपलं खरं काम त्यावर करून पाहायचं. प्रवेश द्यायचा, पावती फाडायची, टीसी काढायची. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे शेजारी शेजारी लिहायचं. जमलं तर घ्यायचं, नाही तर दुरुस्तीला परत पाठवायचं. आपल्याकडे मात्र साक्षगंध आटोपल्यावर पत्रिका जुळवायला घेतात. पाहुणे जेवून गेले, हॉलचा ॲडव्हान्स भरला, आता नाडी एक निघाली तर भटजींनीच काहीतरी तोड काढायची. तुम्ही ते भटजी आहात. दक्षिणेची तरतूद नाही.

१. अहवाल आधी लिहा

चाचणीला हात लावण्यापूर्वी चाचणीचा अहवाल टाइप करून ठेवा. मागाहून लिहिलेल्या अहवालात खरी माहिती शिरण्याचा धोका असतो. अहवालाची तारीख काढायला तीन कागद पुरतात : कंपनीशी झालेला करार, आर्थिक वर्षाचं कॅलेंडर आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाइल. करारात बिलाचा मोठा हप्ता 'साइन-ऑफ'ला बांधलेला असतो. कॅलेंडरात ३१ मार्च असतो. आणि नॅकच्या फाइलमध्ये सहावा निकष असतो, 'गव्हर्नन्स, लीडरशिप अँड मॅनेजमेंट'. त्यात विचारतात की प्रशासन, वित्त व लेखा, विद्यार्थी प्रवेश व साहाय्य आणि परीक्षा या चार कामांत ई-गव्हर्नन्स राबवलं का? पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडायचे असतात.

स्क्रीनशॉट ही फार सोयीची वस्तू आहे. त्यात बटन दिसतं. दाबल्यावर काय होतं ते दिसत नाही.

२. समितीत सगळे घ्या, खिडकीवरच्या मॅडम सोडून

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून सावकाश वाचा. समितीत प्राचार्य हवेत, आयक्यूएसीचे (गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक हवेत, संस्थेच्या सचिवांचे भाचे हवेत (ते 'आयटीत' आहेत), ग्रंथपाल हवेत आणि तुम्ही आहातच. बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, 'विशेष निमंत्रित' ठेवा. ते निवृत्तीला आले आहेत, वाद घालणार नाहीत. पण प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्या मॅडमना चुकूनही बोलावू नका.

त्यांचं टेबल कधी जवळून पाहिलं आहे का? ड्रॉवरात शाईचा पॅड, गोल शिक्का, टाचण्यांची डबी, आणि जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानांवर निळ्या पेनाने काढलेली एक यादी. कोणाची टीसी यायची आहे, कोणाची जातीची व्हॅलिडिटी पडताळणी समितीत अडकली आहे, कोणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र मार्चमध्ये संपलं, कोणाच्या बापाने 'धानाचे चुकारे आले की भरतो जी' असा शब्द दिला आहे. काही नावांपुढे टिंब आहे, काहींपुढे फुली, दोन नावांना चौकट. चौकटीचा अर्थ विचाराल तर त्या सांगतील, पण त्याला अर्धा तास लागेल. तुमच्या कॉलेजचं प्रशासन या पाठकोऱ्या पानांवर चालतं आणि ही पानं कंपनीच्या एकाही मॉड्यूलमध्ये नाहीत.

अशा बाईंना डेमोला बसवलं तर काय होईल? पुण्याहून आलेला मुलगा रंगीत डॅशबोर्ड दाखवत असेल, प्राचार्य मान डोलवत असतील, चहा यायच्या बेतात असेल आणि मागच्या खुर्चीवरून आवाज येईल, "सर, या पोरीले फी माफ आहे. हे मशीन तर शून्याची पावती घेऊनच नाही राहिलं. मंग अॅडमिशन कशी कराची?"

झालं. चहा निवला. मुद्दा बिनतोड आहे, हेच त्यातलं दुखणं. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून शिक्षण शुल्क आधी घ्यायचं नसतं, ते पुढे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलच्या वाटेने येतं. सॉफ्टवेअर पुण्यात ज्याने बनवलं, त्याच्या लेखी फी म्हणजे शून्यापेक्षा मोठी संख्या. पावती नाही तर प्रवेश क्रमांक नाही, प्रवेश क्रमांक नाही तर रोल नंबर नाही. आपल्याकडे निम्मा वर्ग त्यात अडकेल.

तेव्हा डेमोच्या दिवशी मॅडमना शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला बसवा. तेही काम महत्त्वाचंच आहे, मनाला लागू देऊ नका.

३. मुहूर्त : जुलै

चाचणी जुलैत ठेवा. धानाची रोवणी सुरू असते, पोरं-पोरी बांधीत (धानाच्या शेतात) असतात, कॉरिडॉर शांत असतात. कोणी विद्यार्थी येऊन "मीही वापरून पाहू का?" असं विचारण्याची शक्यता नाही. जुलै हुकला तर दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस धरा. तिथे रात्रभर दंडारीचा खेळ पाहून आलेला सदस्य दुसऱ्या दिवशी कशालाच हरकत घेत नाही.

जागा प्राचार्यांची केबिन. तिथे वायफाय आहे आणि इन्व्हर्टरही. ऑफिसात रस्त्याच्या खोदकामाने केबल तुटलेली असते, तिथे चाचणी घेतली तर सॉफ्टवेअरला उगाच बदनामी सोसावी लागेल. लॉगिन एका वेळी एकानेच करायचं. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी चार खिडक्यांवरून एकदम काम झालं तर काय होतं, याला 'लोड टेस्टिंग' म्हणतात. ते प्रवेशाच्या पहिल्या दिवशी आपोआप होतं.

४. कोणाचं नाव भरायचं

नवशिका इथे फसतो. त्याला वाटतं की चाचणीसाठी कॉलेजातलेच आठ-दहा अवघड विद्यार्थी निवडावेत. असा विचार मनात आला तर पाणी प्या. चाचणीचा विद्यार्थी एकच : नाव 'टेस्ट', वडिलांचं नाव 'टेस्ट', आडनाव 'टेस्ट', मोबाइल नऊचा आकडा दहा वेळा, प्रवर्ग खुला, जिल्हा पुणे. हा मुलगा गुणी आहे. त्याची फी पूर्ण भरलेली असते, त्याचं आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं, त्याला आईचं नाव विचारलं तर तो 'टेस्ट' असंच सांगतो. त्याच्यावर सॉफ्टवेअर कधीच अडत नाही.

उलट, पुढे दिलेले लोक चाचणीच्या आसपास फिरकू देऊ नका. ओळखता यावेत म्हणून वर्णन देतो.

आमगावचा एक वयस्कर माणूस. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजात शिकला, टीसीची दुसरी प्रत हवी आहे. दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं जन्मगाव 'आमगाव, जि. भंडारा' असं लिहिलं आहे आणि टीसीवर रजिस्टरात आहे तेच अक्षर न अक्षर उतरवावं लागतं. पण १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सॉफ्टवेअरच्या यादीत भंडारा निवडला की तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी येतात. आमगाव येत नाही. आमगाव हवं तर गोंदिया निवडा. गोंदिया निवडलं तर टीसी रजिस्टरशी जुळत नाही. आणि तो टीसी मागतोय नातीच्या जात पडताळणीसाठी, म्हणजे अक्षर इकडचं तिकडे झालं तर पोरीची सीट जाणार. कंपनीचा मुलगा यावर म्हणतो, "सर, मास्टर तर अपडेटेड आहे." बरोबरच आहे त्याचं. इतिहास अपडेटेड नाही.

त्याच्या पाठोपाठ दुसरा एक येईल. त्याला इतर मागासवर्गाच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा हवा आहे. संस्थेची शाळा तेवढी जुनी, तिचं रजिस्टरही आपल्याच कपाटात. सॉफ्टवेअरमधली वर्षांची यादी २००० सालापासून सुरू होते. भटक्या-विमुक्तांना १९६१ आणि अनुसूचित जातींना १९५०चा पुरावा लागतो, हे कंपनीच्या त्या मुलाला सांगू नका. त्याची परतीची गाडी वरठीहून संध्याकाळची आहे.

मग गोवारी समाजाची दोन भावंडं. ऑगस्ट २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमातीत धरलं. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, मात्र मधल्या काळात झालेले प्रवेश कायम ठेवले. म्हणजे थोरला त्या वेळी अनुसूचित जमातीतून आला, धाकटा विशेष मागास प्रवर्गातून. घर एक, चूल एक, दोघांचेही कागद खरे. आता सॉफ्टवेअरमध्ये प्रवर्गाची यादी दुरुस्त केली की ती थोरल्याच्या जुन्या नोंदीलाही लागू होते, कारण नोंदीसोबत तारीख ठेवायची असते हे कोणाला सुचलेलं नाही. ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. यावर विनोद करण्याचा माझा प्रयत्न जमलेला नाही, पुढे चला.

आणि शेवटी ती मुलगी, जिचा ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो. बाप बांधीत, मोबाइल घरी खुंटीला, ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. काही मुलांनी नेट कॅफेवाल्याचाच नंबर भरलेला असतो. त्या गृहस्थाच्या मोबाइलवर अर्ध्या तालुक्याचं शिक्षण येऊन पडतं. चाचणीत 'ओटीपी आला का?' या प्रश्नापुढे 'होय' लिहा. आला होताच. कोणाकडे, हा रकाना तक्त्यात नाही.

५. जुनी माहिती नव्यात ओतणे

याला 'डेटा मायग्रेशन' म्हणतात. बडे बाबूंकडे गेल्या कित्येक वर्षांच्या एक्सेलच्या फायली आहेत, कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. मिनिटाला मराठी तीस शब्दांची परीक्षा पास होऊन ते नोकरीला लागले, पुढे एमएस-सीआयटीही केलं. टायपिंगमध्ये खोट काढायला जागा नाही. पण कृतिदेव म्हणजे रोमन अक्षरांना चढवलेला मराठी पोशाख. नव्या सॉफ्टवेअरला युनिकोड लागतं, त्याने पोशाख उतरवला की 'भंडारा'च्या जागी एच, के, ए, एम, के, जे, के ही अक्षरं ओळीने उभी राहतात. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं अशीच.

उपाय? पहिल्या पानावरची वीस नावं हाताने दुरुस्त करा आणि स्क्रीनशॉट त्या पानाचा काढा.

६. चुका नोंदवण्याची कला

कंपनी तुम्हाला एक तक्ता देईल : क्रिटिकल, मेजर, मायनर, कॉस्मेटिक. नियम असा असतो की एकही क्रिटिकल चूक शिल्लक असेल तर सही करायची नाही. नवशिका इथे गळाठतो, कारण पहिल्याच दिवशी फीची बेरीज चुकलेली असते. पण नियम चुकीबद्दल आहे, वर्गीकरणाबद्दल नाही. चूक कमी करता येत नसेल तर तिचा दर्जा कमी करा.

हे मी गावठी अक्कल म्हणून सांगत नाही, याला परदेशातला आधार आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्याने मार्च २०१०मध्ये आपल्या आरोग्य खात्यातल्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांची पगाराची प्रणाली बदलली. चाचणीत गंभीर दोष निघत होते आणि ते शिल्लक असताना पुढे जायचं नाही असं ठरलेलं होतं. मग दोषांची प्रतवारी आणि पुढे जाण्याच्या अटी दोन्ही सैल केल्या गेल्या आणि प्रणाली सुरू झाली. कोणाला पगार कमी आला, कोणाला जास्त, कोणाला आलाच नाही. २०१३मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा एकूण खर्चाचा अंदाज सव्वाशे कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेला होता. तुम्ही खर्चाकडे पाहू नका, तंत्राकडे पाहा. एवढ्या मोठ्या देशाला जे जमलं, ते लाखांदूर तालुक्यात जमायला काय हरकत आहे? फीची बेरीज चुकते : कॉस्मेटिक, कारण आकडा दिसायला वेगळा दिसतो.

विद्वानांना आणखी एक दाखला हवा असेल तर केंब्रिज विद्यापीठाचा द्या. तिथे ऑगस्ट २०००मध्ये 'कॅप्सा' नावाची नवी हिशेबप्रणाली सुरू झाली आणि वर्षभरातच विद्यापीठाला तिच्या चौकशीचे अहवाल मागवावे लागले. एवढ्या नोबेलवाल्यांमध्ये राहूनही बिलं वेळेवर निघेनात, हे ऐकून आपल्या लेखापालांना केवढा धीर येतो म्हणून सांगू!

७. कंपनीच्या मुलाशी कसं वागावं

प्रेमाने. तो बावीस-तेवीस वर्षांचा आहे, रात्रभर प्रवास करून आला आहे, लॉजमध्ये डास आहेत आणि हे सॉफ्टवेअर त्याने बनवलेलं नाही. ज्याने बनवलं, तो नोकरी सोडून गेला. याला कॉलेजचं कामकाज ठाऊक असण्याचं कारण नाही. मागच्या महिन्यात तो एका पतसंस्थेत हेच सॉफ्टवेअर बसवत होता, म्हणून 'विद्यार्थी' दाबलं की कधी कधी 'ठेवीदार' उघडतो.

त्याच्याकडे ठरलेली उत्तरं असतात, त्यांची सवय करून घ्या. "कॅश क्लिअर करा." "दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा." "आमच्याकडे तर चालतंय." "हे पुढच्या व्हर्जनमध्ये आहे." या चौघांतून निसटलेला प्रश्न 'चेंज रिक्वेस्ट' होतो. चेंज रिक्वेस्ट म्हणजे तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेल्या गोष्टीसाठी पुन्हा द्यायचे पैसे.

उदाहरण घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५पासून पदवीला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली अशी विषयांची नवी मांडणी आली. सॉफ्टवेअरमध्ये बीएला तीन ऐच्छिक विषयांचे तीन चौकोन आहेत. करार धोरणानंतर झाला असला तरी चौकोन धोरणाआधीचे आहेत. "हे तर साऱ्या राज्यालेच लागू आहे नं बाप्पा," असं ग्रंथपाल म्हणतील. तरीही ती चेंज रिक्वेस्टच.

विद्यापीठाच्या पोर्टलशी हे जोडलेलं आहे का, हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर 'हो' येतं. नंतर कळतं की जोडलेलं म्हणजे इथून एक्सेल काढायची आणि तिथे हाताने भरायची. महाडीबीटीलाही तसंच. एका विद्यार्थ्याचं नाव तीन ठिकाणी टाइप होतं आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं होतं : बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी, आधारप्रमाणे आडनाव शेवटी, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मधलं नाव सक्तीचं, म्हणून ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या नावाच्या मध्ये एक टिंब.

८. सही

आता खरा प्रसंग. समितीत वाणिज्य विभागातला एखादा तरुण प्राध्यापक असतोच, तासिका तत्त्वावरचा, गमावण्यासारखं फारसं काही नसलेला. तो म्हणेल, "मुंबईत काय झालं आठवतं ना?"

आठवतं. २०१७च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्याच शाखांच्या उत्तरपत्रिका एका दमात ऑनस्क्रीन तपासायचं ठरवलं. परीक्षा झालेल्या, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या, प्राध्यापकांचं प्रशिक्षण व्हायचं, आणि कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत.  कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. पुढच्या प्रवेशांसाठी मुलं निकालाच्या नावाने तिष्ठत बसली आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

त्या तरुणाला शांतपणे सांगा की यातून घ्यायचा धडा त्याला कळलेला नाही. कुलगुरूंचं नाव साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. चालवून पाहिल्याच्या कागदावर कोणाची सही होती, होती की नव्हती, हे कोणाला सांगता येतं का? म्हणून सही नेहमी मधल्या ओळीत करावी. पहिली सही प्राचार्यांची, शेवटची समन्वयकांची, मधल्या तीन-चार सह्या वाचल्या जात नाहीत. अक्षर गिचमिड ठेवा. तारीख घालू नका, ती नॅकच्या तारखेप्रमाणे घातली जाईल. 'काही किरकोळ सूचनांसह' हे शब्द मात्र आवर्जून लिहून घ्या. सूचना कोणत्या, ते लिहायची गरज नाही. उद्या काही उलटलं तर त्या शब्दांत मावणार नाही अशी कोणतीही चूक नाही.

आणि त्या तरुणाची सही राहू द्या. त्याची नेमणूक मार्चपर्यंतच आहे.

फोटो काढायला विसरू नका. सगळ्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवायचं. स्क्रीन बंद असली तर फोटोत चमकत नाही, हा जास्तीचा फायदा.

९. गो-लाइव्ह

पुस्तकात म्हटलं आहे की नवी प्रणाली सुरू झाल्यावर काही काळ जुनीही सोबत चालवावी आणि दोन्हींचा ताळा जमला की जुनी बंद करावी. आपण यातला पहिला भाग काटेकोरपणे पाळतो. विद्यार्थी आला की मॅडम रजिस्टरात लिहितात, टीसी हाताने लिहून देतात, गोल शिक्का मारतात. संध्याकाळी पाचनंतर, सर्व्हर मोकळा झाला की, तेच सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरतात. काम दुप्पट झालं की त्याला संगणकीकरण झालं असं म्हणावं. वार्षिक अहवालात 'पेपरलेस कार्यालय' असं शीर्षक द्या आणि त्याच्या प्रती झेरॉक्स करून सगळ्या विभागांना पाठवा.

नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

*चाचणीत खरोखरच काही चाललं नाही तर?*
'चालेल' असा शेरा मारा. मराठीत तो भविष्यकाळही आहे आणि होकारही.

*फी भरल्याचे पैसे खात्यात जमा झाले आणि पावती आली नाही तर?*
विद्यार्थ्याला बँकेत पाठवा. बँक त्याला कॉलेजात पाठवेल. दरम्यान सर्व्हर सुरू होण्याची शक्यता असते.

*या कामाचा मला काही उपयोग?*
बढतीच्या अर्जात 'प्रशासकीय जबाबदाऱ्या' या रकान्यात एक ओळ. शिवाय तीन वर्षांनी कंपनीचा करार संपेल, नवी कंपनी येईल आणि अनुभवी माणूस म्हणून तुमचं नाव पहिल्या क्रमांकावर असेल. पहिली ओळ टाळायची असते, हे वर सांगितलंच आहे; तेव्हा वेळीच कोणाला तरी प्रिंटरमधला कागद काढायला शिकवून ठेवा.

*खिडकीवरच्या मॅडमना केव्हा सांगायचं?*
सोमवारी सकाळी साडेदहाला. खिडकी अकराला उघडते. त्यांचा युझर आयडी अजून तयार झालेला नसेल, तोवर तुमचाच वापरू द्या. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे.